हजेरीपटावर नसलेली माणसे



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. माझे शिक्षण मात्र गिरणीच्या फाटकावर आणि युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांवर झाले. म्हणून जे पाहिले, त्याविषयीच बोलतो. आपल्या नागपुरात रात्री उघड्यावर निजणारी माणसे कोण, ती तेथे का निजतात आणि हे थांबवायचे कसे, हा आजचा विषय.

युनियनच्या कार्यकर्त्याला पहिला धडा मिळतो तो असा, की ज्याचे नाव हजेरीपटावर नाही त्याची मजुरी मागता येत नाही. बेघराचेही तसेच आहे. तो सर्वांना दिसतो, पण यादीत सापडत नाही.

सरकार त्याला मोजतच नाही असे नाही. 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री जनगणनेचे लोक रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर, मोठ्या नळांत निजणाऱ्यांना मोजत फिरले. देशात सुमारे 17 लाख 73 हजार आणि महाराष्ट्रात 2 लाख 10 हजारांवर माणसे निघाली. परंतु एका रात्रीची ही मोजणी. त्या रात्री जो लग्नाच्या मांडवात भांडी घासत होता किंवा ज्याला शिपायाने हुसकून दिले होते, तो सुटलाच. पुढची जनगणना 2021 साली व्हायची, ती झाली नाही. 2025 साली सरकारने तिच्यासाठी 1 मार्च 2027 ही तारीख जाहीर केली. एवढ्या वर्षांत शहर केवढे बदलले, हे आपण जाणताच.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही चारपाच कार्यकर्ते रात्री स्टेशनपासून बर्डी, कॉटन मार्केट, इतवारी असे पायी हिंडलो. आमची समजूत होती की भिकारी आणि व्यसनी भेटतील. तेही भेटले, नाही असे नाही. पण अधिक भेटले ते हमाल, रिक्षावाले, ठिय्यावर काम शोधणारे मजूर. एका पोराच्या दोन महिन्यांच्या मजुरीसकट ठेकेदार पळाला होता आणि रिकाम्या हाताने गावी जायची त्याला लाज वाटत होती. इतवारीत एक म्हातारा हातगाडीवरच निजला होता. मी म्हटले, "बाबा, महापालिकेचा निवारा आहे, तिथे का जात नाही?" तो म्हणाला, "गाडी कुठं ठेवू, भाऊ? भाड्याची हाय. गेली तं उद्या का खाऊ?"

या एका उत्तरात अर्धा प्रश्न उलगडतो. माणूस फुटपाथ निवडतो, कारण तेथून काम जवळ असते. 1877 साली येथे एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे गिरणीने आपल्या कामगारांसाठी इंदोऱ्यात वस्तीही वसवली. ती सर्वांना पुरली नाही हे खरे. तरी कामाबरोबर छपराचाही विचार करावा लागतो, एवढे मालकाला कळत होते. 2002 साली ती गिरणी बंद पडली. आजचे काम रोजंदारीचे. त्यात मजुरी मिळाली तर मिळते, छप्पर कधीच मिळत नाही. आणि खोली घ्यावी तर आगाऊ रक्कम हवी, ओळखपत्र हवे, जामीन हवा.

मग कायदा काय म्हणतो? 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा आणि तो बाराही महिने उघडा असावा. 2013 च्या केंद्रीय योजनेने दर एक लाख लोकसंख्येमागे निदान शंभर माणसांची सोय धरली. 2011 साली नागपूरची लोकसंख्या 24 लाख होती. हिशेब आपणच करा. चोवीस निवारे हवेत; आपले निवारे बोटांवर मोजता येतात. मार्च 2023 मध्ये परदेशी पाहुणे यायचे होते, तेव्हा चौकांत भीक मागण्यावर बंदीचा हुकूम निघाला. बंदीने चौक मोकळा होतो. माणूस कोठे निजला, ते बंदीला ठाऊक नसते.

लोकांनी स्वतः काय करता येते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. जुलै 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात निकाल दिला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, हे न्यायालयाने मानले. पण पावसाळ्यानंतर झोपड्या हटवायलाही मोकळीक दिली. त्याच वर्षी भायखळ्याच्या बाजूला 'स्पार्क' या संस्थेने फुटपाथवरच्या लोकांना बरोबर घेऊन सुमारे सहा हजार कुटुंबांची नोंद केली. ही माणसे आज आली आणि उद्या जातील अशी नव्हेत, ती वर्षानुवर्षे तेथेच राहून पायी कामावर जातात, हे त्या नोंदीने दाखवले. पुढच्याच वर्षी तेथील बायकांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली. यादी आधी झाली, मागणी तिच्यातून निघाली.

दूरच्या फिनलंडचेही उदाहरण घेण्याजोगे आहे. तेथे 1987 साली अठरा हजारांच्या आसपास बेघर होते, 2020 साली ते साडेचार हजारांच्या आत आले. 2008 पासून त्यांनी धोरणच असे धरले, की आधी माणसाला भाड्याचे घर द्यावे आणि दारू, आजार, बेकारी यांचा इलाज मागाहून करावा. तो देश श्रीमंत आहे, हे मला मान्य. पण क्रम उलटा करायला श्रीमंती लागत नाही.

आपल्याला तीन गोष्टी करता येतील. प्रत्येक प्रभागात एका रात्रीऐवजी अनेक रात्री फिरून नावानिशी यादी करावी आणि त्या कामी बेघरांनाच सोबत घ्यावे. निवारा बाजाराजवळ मागावा. त्यात हातगाडी ठेवायला जागा आणि कुटुंबाला वेगळी खोली असावी. आणि ज्याला खोली हवी, त्याला जामीन राहायला युनियनने, मंडळाने, पतपेढीने पुढे यावे.

शेवटी माझी कबुली. पुढच्या हिवाळ्यात मी इतवारीत गेलो, तर तो म्हातारा तेथे नव्हता. चौकशी केली. लोक म्हणाले, "कोणता म्हातारा? नाव काय?" सभ्यहो, आयुष्यभर हजेरीपट तपासणाऱ्या मी त्याचे नावच विचारले नव्हते. तुम्ही घरी जाताना वाटेत कोणी निजलेला दिसेल. त्याची झोपमोड करू नका. पण सकाळी जा आणि नाव विचारा. यादी तेथूनच सुरू होते.