दुरुस्तीनंतरचे दुखणे

डिसेंबरात माझ्या लॅपटॉपचा पंखा घरघर करू लागला. परभणीचे पाच उन्हाळे आणि त्यांची धूळ त्याने पोटात घेतली होती, त्यामुळे तक्रार रास्तच होती. शहरातल्या एका दुकानात तो दिला. 'साफ करून, पेस्ट बदलून देतो, संध्याकाळी घेऊन जा' असे सांगण्यात आले. मिळाला तिसऱ्या दिवशी. घरी येऊन बटण दाबले, तर दिवा लागला, पडदा मात्र काळाच. परत नेला. काउंटरवरच्या माणसाने दोनदा बटण दाबून पाहिले आणि म्हणाला, "सर, मदरबोर्ड गेला. तो आधीपासूनच वीक होता. नवीन टाकावा लागेल."

'आधीपासूनच होते' हे वाक्य मी चांगले ओळखतो. आमच्या व्यवसायातही ते सर्रास बोलले जाते. उपचार करताना, उपचारामुळेच जी इजा होते तिला आम्ही उपचारजन्य इजा म्हणतो. सलाइनच्या सुईने शीर सुजते, घशात नळी घालताना दात हलतो. चांगल्या हातांकडूनही हे घडते. पण ते मूळ आजाराच्या खात्यावर टाकले, की पुढच्या डॉक्टरला चुकीचा इतिहास मिळतो आणि त्याचे निदानही चुकते. यंत्राचेही तसेच. पंख्यासाठी गेलेला लॅपटॉप पडदा गमावून आला, तर पहिला प्रश्न 'मदरबोर्ड केवढ्याला' हा नसतो. पहिला प्रश्न 'मधल्या तीन दिवसांत याला कोणी, कुठे हात लावला' हा असतो.

माझी काळजी पैशांची नव्हती. त्या लॅपटॉपमध्ये सर्पदंशाच्या रुग्णांची छायाचित्रे होती. घोणस चावलेला पाय पहिल्या तासात कसा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी कसा, हे इंटर्न मुलांना शिकवण्यासाठी मी वर्षानुवर्षे जमवलेला साठा. दुसरी प्रत होती, पण दोन वर्षे जुनी. त्याहून वाईट गोष्ट कबूल करतो: मागितल्याबरोबर मी पासवर्ड कागदाच्या चिठ्ठीवर लिहून झाकणाला चिकटवून दिला होता. पंखा पुसायला पासवर्ड कशाला लागतो, हे मी विचारलेच नाही. रुग्णाने माझ्यावर विश्वासाने सोपवलेली छायाचित्रे मी काउंटरवर ठेवून आलो. घरी आल्यावर रात्री झोप लागली नाही, ती यामुळे.

दुसऱ्या दिवशी यंत्र परत आणले. सुरू करून पाहण्याचा मोह आवरला. हे मुद्दाम सांगतो, कारण आपण सगळे तेच करतो, दहा वेळा बटण दाबून पाहतो. आत कुठे शॉर्ट झाले असेल, तर प्रत्येक वेळी वीज सोडताना त्या जागी चटका बसतो आणि जे दुरुस्त होण्यासारखे होते तेही जळते. रक्तस्राव सापडेपर्यंत रुग्णाला चालवत नाहीत, तसेच हे. मग एका कागदावर लिहून काढले: कोणत्या तारखेला दिला, तेव्हा काय चालू होते, काय बंद होते, कधी परत मिळाला, काय सांगितले गेले. खालच्या बाजूचे, स्क्रूंचे आणि अनुक्रमांकाचे फोटो काढले. पावतीवर फक्त 'लॅपटॉप सर्व्हिस' एवढेच लिहिलेले. हा कागद देतानाच करायला हवा होता. ऑपरेशनआधीच्या नोंदी आम्ही ऑपरेशननंतर लिहीत नाही.

नवा मदरबोर्ड टाकायला मी नाही म्हटले, त्यामागे आणखी एक कारण होते आणि ते फार थोड्या लोकांना माहीत असते. विंडोजच्या बऱ्याच नव्या यंत्रांत साठवलेली माहिती आपोआप कुलूपबंद केलेली असते. त्या कुलपाची किल्ली मदरबोर्डवरच्या एका चिपशी बांधलेली असते. बोर्ड बदलला, की यंत्र 48 अंकी रिकव्हरी की मागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असेल तर ठीक, नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतले काही मिळत नाही. जुने खाते कोणत्या फोन नंबरवर उघडले होते हे आठवत नसलेले कितीतरी लोक असतील. लॅपटॉप चालू आहे तोवरच ती की शोधून कागदावर उतरवून ठेवावी, आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये.

नांदेडला एक तरुण मुलगा मायक्रोस्कोपखाली बोर्डाचे काम करतो, असे एका सहकाऱ्याने सांगितले. सुट्टीच्या दिवशी गाडीने गेलो. त्याने माझा कागद पूर्ण वाचला, हे मला आवडले. मग माझ्यासमोर खालचे झाकण उघडले आणि दोन मिनिटांत एक स्क्रू चिमट्याने वर धरला. लॅपटॉपमधले सगळे स्क्रू सारखे दिसतात, पण लांबी वेगवेगळी असते. तीन मिलिमीटरच्या जागी सहा मिलिमीटरचा बसवला, तर त्याचे टोक पुढे घुसते. मदरबोर्ड म्हणजे एकच पाटी नसते. तांब्याच्या नक्षीचे अनेक पातळ थर त्यात एकावर एक दाबून बसवलेले असतात. स्क्रूच्या टोकाने दोन वाटा तुटल्या होत्या. पडद्याकडे जाणारी पट्टीसारखी केबलही तिरकी बसली होती. केसासारख्या तारेने त्याने दोन्ही वाटा जोडल्या, केबल सरळ केली. पडदा उजळला. छायाचित्रे जागेवर होती. मूळ बिघाड, म्हणजे पंखा, अजून घरघरतच होता.

त्याच्या मनगटाला एक पट्टा होता आणि त्याची तार जमिनीला जोडलेली. आपल्याकडच्या हिवाळ्यात याचे महत्त्व जास्त. परभणीचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याची बातमी कृषी विद्यापीठाच्या नोंदीवरून अधूनमधून येते. तशा कोरड्या थंडीत स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात. ती ठिणगी आपल्याला जाणवते तेव्हा अंगावरचा दाब साधारण 3000 व्होल्टच्या पुढे गेलेला असतो. चिपला मात्र काही वेळा शंभर व्होल्टही पुरतात, म्हणजे आपल्याला कळणारही नाही इतके. अशी चिप लगेच मरतेच असे नाही. ती अर्धवट जखमी होऊन काही आठवड्यांनी बंद पडते. तोवर दुकानातली हमी संपलेली असते आणि दोष नशिबाला दिला जातो.

बॅटरीवर एक ओरखडा होता. त्याने तो बोटाने दाखवला आणि मान हलवली. लिथियम बॅटरीत दोन ध्रुवांच्या मध्ये केसापेक्षाही पातळ पडदा असतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटताना तो फाटला, तर आतच शॉर्ट होऊन आग लागू शकते. तुमचा लॅपटॉप दुरुस्तीहून आल्यावर नीट मिटत नसेल, टचपॅड वर आलेला असेल, तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. ती वायूने फुगते. तिला टोचून वायू काढू नये, दाबून बसवू नये, चार्जिंगला लावू नये. बंद करावी आणि उशापासून, गादीपासून लांब ठेवावी.

तो मुलगा काम करता करता सारखा खोकत होता. सुट्टीवर आलेला डॉक्टर असलो तरी कान सुट्टीवर नव्हते. खोकला कधी वाढतो विचारले. "संध्याकाळी. रविवारी बरा असतो," म्हणाला. दुकानाला शटर एकच, आणि थंडीमुळे तेही अर्धे ओढलेले. सोल्डरिंग करताना जो पांढरा धूर निघतो, तो प्रामुख्याने फ्लक्समधल्या राळेचा असतो आणि कामामुळे होणाऱ्या दम्याचे ते एक ओळखीचे कारण आहे. कामाच्या दिवशी त्रास, सुट्टीला आराम, ही त्याची खूण. छोट्या नळीत जोराने फुंकून श्वासाचा वेग मोजणारे पीक फ्लो मीटर स्वस्त असते. दिवसातून चार वेळा, निदान दोन-तीन आठवडे, कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी आकडे लिहून आणायला मी त्याला सांगितले. सोल्डरमधल्या शिशाची वाट वेगळी. या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही, ते हातावरून तोंडात जाते. शेजारच्या टेबलावरचा मुलगा त्याच हाताने तंबाखू मळत होता. त्यालाही दोन शब्द ऐकावे लागले.

आता पहिल्या दुकानाचे. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता प्रकरणात पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हा आम्ही डॉक्टर मंडळी फार चिडलो होतो. सर्वांना मोफत सेवा देणारी रुग्णालये त्यातून बाहेर राहिली, म्हणून मी त्यातल्या त्यात निवांत. इतक्या वर्षांनी तोच कायदा मी ग्राहक म्हणून उघडला. सध्याचा कायदा 2019 चा. दुरुस्ती करताना वस्तू बिघडवणे ही सेवेतील त्रुटी. बिल न देणे आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती दुसऱ्याला देणे, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागतोच असे नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहता येतो.

मला तिथवर जावे लागले नाही. नांदेडच्या मुलाने बिलावर स्पष्ट लिहून दिले होते: 'लांब स्क्रूमुळे बोर्डाच्या दोन लाइन तुटल्या, जोडल्या.' त्याची प्रत, माझा तारखांचा कागद आणि स्क्रूचा फोटो जोडून मी दुकानाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. दुसऱ्या दुरुस्तीचा खर्च आणि पहिल्या सर्व्हिसचे पैसे परत मागितले. सहा दिवसांनी मालकाचा फोन आला. आधी आवाज चढा होता. नंतर म्हणाला, नवीन पोरगा ठेवला आहे, त्याच्या हातून झाले असेल, पैसे घेऊन जा. मी गेलो तेव्हा तो नवीन पोरगा तिथेच होता, अठरा-एकोणीस वर्षांचा, माझ्याकडे न बघता कोणाचा तरी लॅपटॉप उघडत होता. सगळे स्क्रू त्याने एकाच वाटीत टाकले होते. मालकाच्या परवानगीने मी एक कोरा कागद घेतला, त्यावर लॅपटॉपच्या पाठीचे चित्र काढले आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागेवर चिकटपट्टीने कसा लावून ठेवायचा, ते त्याला दाखवले.