आत्याचे डोळे

परवा बोरीला आत्याचं वर्षश्राद्ध झालं. पंगत उठल्यावर भाची शेजारी येऊन बसली आणि माझ्या पोटात धस्स झालं. डावी पापणी वर ओढलेली, बुबुळाच्या वरचं पांढरं दिसत होतं. "मोबाइलमुळे होतंय म्हणाले, थेंब दिलेत," ती म्हणाली. थायरॉइडची गोळी चालू आहे, रिपोर्ट नॉर्मल आहे.

   मला नव्वदच्या दशकातली आत्या आठवली.

आधी ती वाळली. मग हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली. कांदा काढताना सावलीत बसली की बायका म्हणायच्या, सोंग करते. डोळे मोठे दिसू लागले तेव्हा म्हणाल्या, सारखी वटारून बघते. झोपेतही तिच्या पापण्या मिटत नसत. आळेफाट्याला एकाच्या दोन एसट्या दिसल्या, तेव्हा ती घाबरून रडली.

आमच्याकडे डोळ्याचा आजार म्हणजे मोतीबिंदू. डॉ. मनोहर डोळे यांच्या नारायणगावच्या रुग्णालयाने इथल्या कितीतरी म्हाताऱ्यांना पुन्हा दिसतं केलं, ते उपकार फिटणारे नाहीत. आत्याला मात्र नेलं भलतीकडेच. तिथे मोतीबिंदू नाही म्हणून परत पाठवलं, दुसऱ्याने चष्मा दिला. गळ्याला कुणी हात लावला नाही. थायरॉइड म्हणजे गलगंड, एवढंच आम्हाला शाळेत शिकवलेलं. आत्याच्या गळ्याला गाठ दिसत नव्हती.

पुण्यात निदान झालं तोवर उजव्या डोळ्याची नस दाबली गेली होती. अंगातली प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटते, तशी डोळ्यामागच्या स्नायूंवर आणि चरबीवरही. ते सुजतात, हाडाच्या खोबणीत जागा नसते, मग डोळा पुढे ढकलला जातो. धडधड, गळा आणि डोळे यांचं नातं डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली लिहून ठेवलं होतं. माझ्या आत्यापर्यंत ते पोचायला दीडशेहून जास्त वर्षं लागली, याचा राग अजून जात नाही. धूम्रपानाने हा आजार बळावतो, हेही तेव्हाच कळलं. मामांनी त्या रात्री विडीचा कट्टा चुलीत टाकला.

आता आळेफाट्याला रक्त तपासून मिळतं, पण कागदावर आकडा जागेवर आला की सगळे निश्चिंत होतात. आकडा सुधारल्यावरही डोळे बिघडू शकतात, हे भाचीला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी तिच्या लग्नाचा अल्बम मागवला. फोटोतला चेहरा आणि समोरचा चेहरा शेजारी धरले. वहिनींनी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि सकाळच्या पुणे गाडीची वेळ विचारली.