ठिपकेदार होला

ठिपकेदार होला पारव्यापेक्षा सडपातळ असतो. शेपटी लांब असल्याने त्याची लांबी सुमारे ३० सें.मी. भरते. डोके राखाडी, छाती फिकट गुलाबी, पाय लालसर. मानेमागच्या रुंद काळ्या पट्ट्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते. भारतातल्या होल्यांच्या तपकिरी पाठीवर आणि पंखांवरही फिकट गुलाबी ठिपके असतात. नर-मादी दिसायला सारखेच. पिल्लांच्या मानेवर मात्र हा पट्टा नसतो, त्यामुळे नवख्या निरीक्षकाला ती वेगळ्याच जातीची वाटतात.

झाडी आणि थोडा ओलावा असलेला प्रदेश त्याला मानवतो. कोकणातल्या वाड्या, सह्याद्रीच्या पायथ्याची शेते, गावातली परसदारे येथे तो हमखास दिसतो. कोरड्या माळावर त्याच्यापेक्षा लहान तपकिरी होला अधिक आढळतो. सकाळी जोडी जमिनीवर उतरते आणि सांडलेले धान्य, गवताचे बी टिपत फिरते. बहुतेक पक्षी पाण्याचा घोट घेऊन मान वर करतात. होला चोच बुडवून सलग पाणी ओढतो.

विणीच्या काळात नर पंख फडफडवत जवळजवळ सरळ वर चढतो आणि शेपटी पसरून तरंगत खाली येतो. मादीसमोर वाकून घुमणे चालूच असते. घरटे म्हणजे चार काड्यांची विरळ बैठक. खालून पाहिले तर कधी कधी अंडीही दिसतात. झाडाच्या फांदीइतकीच घराची वळचण किंवा गॅलरीतली कुंडी त्याला चालते. अंडी दोन, पांढरी. नर-मादी दोघेही ती आळीपाळीने उबवतात आणि साधारण दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात.

होल्याचे खरे सामर्थ्य या कच्च्या घरट्यात नाही, पिल्लांच्या आहारात आहे. चिमणी, सुगरण हे दाणे खाणारे पक्षीही पिल्लांना किडे भरवतात, म्हणून त्यांची वीण किड्यांच्या हंगामाशी बांधलेली असते. होल्याच्या नर-मादीच्या गळ्यातल्या अन्नपिशवीत मात्र प्रथिने आणि स्निग्धांश असलेला दाट स्राव तयार होतो. त्याला कपोतदुग्ध म्हणतात. पिल्ले आईबापांच्या चोचीत चोच घालून तो घेतात. पुढे त्यात मऊ झालेले दाणे मिसळू लागतात. दाणापाणी मिळत असले की वर्षातल्या जवळजवळ कोणत्याही महिन्यात वीण होऊ शकते. कावळ्यांनी किंवा मांजरांनी घरटे लुटले, तरी जोडी पुन्हा अंडी घालते. एकोणिसाव्या शतकात माणसांनी हा पक्षी ऑस्ट्रेलियात आणि हवाई बेटांवर नेला. तेथील शहरांतही तो आता चांगला रुळला आहे.