काजळीची गाळणी

अक्कलकोट रस्त्यावरचे कुंभारी सोलापूरपासून इतके जवळ, की डिझेल मोटारीचे इंजिन पुरते तापण्याआधीच गाव येते. गाळणीचे दुखणे इथेच सुरू होते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी सच्छिद्र गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. साठलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते. मधेच गाडी बंद केली, की जळण अर्धवट राहते. हे वारंवार झाले, तर न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी वाढलेली दिसणे म्हणूनच धोक्याचे.

गाळणीचा दिवा लागताच मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटे एका लयीत गाडी चालवावी. तरीही विझला नाही, तर गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक, ईजीआर झडप, इंजेक्टर आणि टर्बो तपासून घ्यावेत. मूळ कारण न शोधता नुसती धुतलेली गाळणी पुन्हा तुंबते. ऑइलही कमी राखेचेच हवे. काजळी जळते, राख जळत नाही.

'गाळणी काढूनच टाका,' असा सल्लाही मिळतो. पण डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे. कुंभारीत गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगारांची वसाहत आहे. तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढणाऱ्यांच्या दारात आपली काजळी नेऊन सोडायची का, एवढेच ठरवायचे.