प्रक्षेपकांचा बाजार
बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्यासारख्या छोट्या शहरांतील एकपडदा चित्रपटगृहांत फिल्मच्या काळी 35 मिमीची दोन प्रक्षेपण यंत्रे, म्हणजे प्रक्षेपक, शेजारी-शेजारी असत. कारण 2000 फुटांचे रीळ सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने सुमारे 22 मिनिटांत संपे आणि खंड न पडता दुसरे सुरू करावे लागे. कार्बनच्या कांड्यांमधील विद्युतज्योतीची जागा झेनॉन वायूच्या दिव्यांनी घेतली, तरी मूळ यंत्र दणकट असल्याने जुन्या प्रक्षेपकालाही गिऱ्हाईक मिळे. 2005 नंतर यूएफओसारख्या कंपन्यांनी उपग्रहाद्वारे चित्रपट पोहोचवणारी डिजिटल यंत्रणा बहुधा भाड्याने दिली. त्यामुळे मालकाचा भांडवली बोजा हलका झाला खरा, पण पडदा, ध्वनिक्षेपक आणि खुर्च्या सोडल्यास विकण्याजोगे त्याच्या हाती फारसे उरले नाही, आणि फिल्मच्या प्रक्षेपकांना बहुधा भंगाराचाच भाव मिळू लागला.