थायरॉईड: मंद आणि अतिवेगवान

गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या किंचित खाली, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. प्रौढ माणसात तिचे वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम भरते. रक्तातले आयोडीन ओढून घेऊन ती दोन संप्रेरके बनवते: आयोडीनचे चार अणू असलेले टी-४, म्हणजे थायरॉक्सिन, आणि तीन अणूंचे टी-३. बाहेर पडते ते मुख्यतः टी-४. यकृतासारख्या अवयवांत त्यातला एक अणू गळून टी-३ होते आणि पेशींवर प्रत्यक्ष काम तेच करते. हृदयाचे ठोके, शरीराची ऊब, पचन, मासिक पाळी आणि गर्भाच्या मेंदूची वाढ या संप्रेरकांवर अवलंबून असते.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची देखरेख असते. रक्तात थायरॉक्सिन कमी पडले की पीयूषिका टीएसएच हे संप्रेरक अधिक सोडते. थायरॉक्सिन जास्त झाले की हात आखडता घेते. त्यामुळे रिपोर्टमधला आकडा बहुधा उलटा वाचावा लागतो. टीएसएच वाढलेले म्हणजे थायरॉईड मंदावलेला, घटलेले म्हणजे तो अति काम करणारा. प्रौढांत लिटरला सुमारे ०.४ ते ४ मिलियुनिट ही पातळी सामान्य धरतात. प्रयोगशाळेनुसार तीत थोडा फरक पडतो.

ग्रंथी मंदावणे म्हणजे हायपोथायरॉईडिझम. थकवा, वजनवाढ, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणे आणि अनियमित पाळी ही त्याची लक्षणे. ती हळूहळू येत असल्याने वयावर किंवा दगदगीवर ढकलली जातात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटणे हे याचे एक प्रमुख कारण. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये या विकाराचे वर्णन केले.

दुसरे कारण आयोडीनचा तुटवडा. अपुऱ्या आयोडीनवर काम ओढताना ग्रंथी फुगते आणि गलगंड दिसू लागतो. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, तेव्हा गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे उतरले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते.

१८९१ मध्ये इंग्लंडमधील जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून थायरॉईड मंदावलेल्या एका रुग्ण स्त्रीला बरे वाटेल असे केले. त्यानंतर ती २८ वर्षे जगली. आज लिव्होथायरॉक्सिनची गोळी शरीरात कमी पडणारे टी-४ भरून काढते. ती सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घेतात. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी तिचे शोषण घटते, म्हणून त्यांत चार तासांचे अंतर ठेवतात. टी-४ ची रक्तातली पातळी निम्मी व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे मात्रा बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात. घाईने केलेली तपासणी दिशाभूल करते.

ग्रंथी अतिवेगवान झाली की भूक असूनही वजन घटते, छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. ही अवस्था आणणाऱ्या ग्रेव्ह्ज विकारात काहींचे डोळे पुढे आल्यासारखे दिसतात. उपचाराचे तीन मार्ग आहेत: कार्बिमाझोलसारखी औषधे, किरणोत्सारी आयोडीन आणि शस्त्रक्रिया. कार्बिमाझोल चालू असताना ताप व घसादुखी झाल्यास ताबडतोब रक्ततपासणी करतात, कारण क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. किरणोत्सारी आयोडीन गर्भवतीला देत नाहीत. ते दिल्यावर किंवा ग्रंथी काढल्यावर अनेकांना पुढे लिव्होथायरॉक्सिन घ्यावे लागते.

ग्रंथीतल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुईने पेशी काढून तशी खात्री करतात.

गर्भारपणी थायरॉक्सिनची गरज वाढते, म्हणून गोळी बंद न करता दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्यावी. नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून जन्मजात कमतरता ओळखता येते. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले, तर मतिमंदत्व बहुतांशी टळते.