विहिरीत गंगा, खिशात इंटरनेट

तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमहून सात-आठ किलोमीटरवर तिरुविसनल्लूर नावाचे एक लहानसे गाव आहे. तमिळ कार्तिक महिन्यातल्या अमावास्येला इथल्या एका जुन्या घरातील विहिरीवर पहाटेपासून स्नानासाठी रांग लागते. श्रीधर अय्यावाळ या सत्पुरुषाचे ते घर. श्राद्धाच्या दिवशी दारात आलेल्या भुकेल्या अस्पृश्याला त्यांनी आधी जेवू घातले. गावातील ब्राह्मण संतापले आणि गंगास्नान करून आल्याशिवाय शुद्धी नाही, असे त्यांनी बजावले. काशी कुठे, कावेरीकाठ कुठे! तेव्हा अय्यावाळांनी गंगेची स्तुती केली आणि गंगाच त्यांच्या विहिरीत उसळून आली, अशी आख्यायिका आहे.

मराठी वाचकाला या गावाचा आणखी एक धागा जवळचा वाटेल. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे पुत्र शहाजीराजे यांनी 1693 मध्ये हे गाव 46 विद्वानांना इनाम दिले. त्यावरून गावाला शहाजीराजपुरम असेही नाव पडले. पोटापाण्याची चिंता मिटली की पंडित लिहितील, शिकवतील, हा साधा हिशेब त्यामागे होता. हे राजे स्वतःही लेखक होते. त्यांच्या नावावर असलेल्या 'पंचभाषाविलास' नाटकात तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषा रंगमंचावर येतात.

ज्ञान दूरवरून आपल्या अंगणात यावे ही ओढ तीनशे वर्षांपूर्वीही होती. मात्र ते आल्यावर कोणाच्या हाती पडते, कोणत्या भाषेत पडते आणि रोजच्या जगण्यात त्याचे काय होते, हा प्रश्न तेव्हाही होता. इंटरनेटच्या काळात तो सुटला आहे, असे मानण्याची घाई करू नये.

तंजावरचा छापखाना

याच तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांनी 1805 च्या सुमारास देवनागरी छापखाना सुरू केला. इसापनीतीचे 'बालबोध मुक्तावली' हे मराठी भाषांतर 1806 मध्ये तिथे छापले गेले. मुंबईत मराठी छपाईने अजून मूळही धरले नव्हते. तरी हे पुस्तक महाराष्ट्रातील घरांपर्यंत पोचले नाही. पंचवीस वर्षांनी, 1831 मध्ये, गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापले. छापील कागदाला तेव्हा लोक शिवायलाही कचरत. शाईत चरबी असेल ही धास्ती! म्हणून त्यांनी तुपाची शाई वापरली असे सांगतात. पंचांग घरात रोज लागते, म्हणून ते चालले. यंत्र तंजावरात आधी आले होते, गिऱ्हाईक मुंबईत मिळाले.

भोंग्यावरून इंटरनेट

विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा 250 तासांसाठी घरगुती ग्राहकाला 5,000 रुपये मोजावे लागत. वेग सेकंदाला 9.6 किलोबिट. फोनचे बिल वेगळे, आणि मुळात फोनसाठीच वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. मोडेमची किरकिर संपून संपर्क जुळला की घरातल्यांना दुसरा फोन करता येत नसे. खेड्यात ही चैन कोण करणार?

तरी काहींनी वेगळी वाट काढली. कुंभकोणमच्या उत्तरेला, पुदुच्चेरी परिसरात, डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या संशोधन प्रतिष्ठानने 1998 पासून गावोगावी माहिती केंद्रे उघडली. विल्लियनूर हे मुख्य केंद्र होते. तिथून बिनतारी यंत्रणेने गावे जोडली होती आणि बरीच केंद्रे गावातल्याच बायका चालवीत. वीरमपट्टिनम या कोळ्यांच्या गावात अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावरून लाटांच्या उंचीचा अंदाज उतरवून घेत आणि तो तमिळमध्ये भोंग्यावरून साऱ्या किनाऱ्याला ऐकवीत. ज्याने आयुष्यात संगणकाची कळ दाबली नव्हती, तो कोळीही इंटरनेट वापरत होता!

26 डिसेंबर 2004 च्या सकाळी, याच किनाऱ्यावरील नल्लवाडू गावात त्या भोंग्याची किंमत कळली. गावातला एक माणूस कामासाठी सिंगापूरला होता. तिथे त्सुनामीची बातमी ऐकताच त्याने घरी फोन केला. माहिती केंद्राचा भोंगा वाजला आणि साडेतीन हजारांवर वस्तीचे गाव किनाऱ्यापासून दूर पळाले. घरे गेली, होड्या गेल्या, माणसे वाचली. एक फोन, एक भोंगा आणि रोज त्याचे ऐकण्याची गावाची सवय, एवढ्यावर हे घडले.

वारणेचा धडा

महाराष्ट्रातही 1998 मध्येच कोल्हापूर-सांगलीच्या वारणा खोऱ्यात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पाचा गाजावाजा झाला. वारणा सहकारी समूहाच्या परिसरातील सुमारे 70 गावे त्याच्या कक्षेत होती आणि 54 केंद्रांवर संगणक बसले. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण असे सारे त्यातून मिळेल असे सांगितले गेले. प्रत्यक्षात शेतकरी तिथे आला तो मुख्यतः कारखान्याच्या कामासाठी. माझा किती टन ऊस गेला, तोडणीची पाळी कधी, खत किती मिळणार? त्याचे चुकले नाही. ज्याची गरज होती तेच त्याने मागितले.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी सात गावांत प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस. शेतकऱ्याला हवा असलेला हिशेब तेवढ्यावर मिळू लागला आणि तो स्वस्तही पडला. ज्या संगणकाभोवती उद्घाटनाचे हारतुरे झाले होते, त्याचे काम शंभर-दीडशे अक्षरांच्या निरोपाने केले.

भारतात इंटरनेट खेड्यात गेले ते पुढेही याच वाटेने, म्हणजे मोबाइलने. सरकारने 2004 मध्ये ब्रॉडबँडचे धोरण आखले तेव्हा 256 किलोबिटला ब्रॉडबँड म्हटले होते. 2023 मध्ये ही पायरी 2 मेगाबिटवर नेली. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले आणि डेटाचे दर कोसळले. मार्च 2024 अखेर देशातील इंटरनेट जोडण्या 95 कोटींवर गेल्या होत्या. पैकी ग्रामीण सुमारे 40 कोटी, आणि तारेने आलेल्या एकूण जेमतेम 4 कोटी. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना 2011 मध्ये मंजूर झाली. आजची भारतनेट ती हीच. पंचायतीच्या कपाटापर्यंत फायबर पोचली तरी तिथून घरापर्यंतचे काम बहुतेक ठिकाणी मोबाइलचा मनोराच करतो.

अक्षरे कोणाची?

भाषेची अडचण याहून चिवट होती. सुरुवातीच्या काळात प्रत्येक मराठी वृत्तपत्राच्या संकेतस्थळाचा टंक निराळा असे. तो आपल्या संगणकावर नसला की पडद्यावर चिन्हांचा चिवडा दिसे. युनिकोड रुळल्यावर ही कटकट मिटली. मराठी विकिपीडिया 2003 मध्ये सुरू झाला, आणि पाठोपाठ शिक्षक, गृहिणी, परदेशी गेलेले अभियंते मराठीत ब्लॉग लिहू लागले. संपादकाची वाट न पाहता आपले लिहिलेले लोकांपुढे ठेवता येते, याचे त्यांना कोण अप्रूप!

तंजावर, कुंभकोणम, चेन्नई भागातल्या मराठी कुटुंबांचे मात्र निराळेच आहे. तीनशे वर्षांपूर्वी आलेल्या या घरांत मराठी बोलतात, पण मुले तमिळ-इंग्रजी शाळांत शिकतात. देवनागरी अनेकांना सफाईने वाचता येत नाही. मराठी निरोप लिहायचा तर तो तमिळ लिपीत. युनिकोडमधली देवनागरी त्यांच्या फारशी कामाची नाही. फोनवर आवाज जातो, हे त्यांना जास्त सोयीचे. आजीने आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत सांगितलेली कृती, लग्नातले गाणे, चार शब्दांची थट्टा फोनवर बोलून परदेशातल्या नातवाकडे जाते. त्याला लिपी लागत नाही.

याच्या उलट तंजावरच्या सरस्वती महालातील मराठे दरबाराच्या मोडी कागदांचे आहे. तिथे अक्षरे आहेत, वाचणारे मोजकेच. कागदाचे छायाचित्र काढून ते पुण्यात किंवा अमेरिकेत क्षणात धाडता येते. पण मोडी वाचायला माणूस शिकावा लागतो, आणि त्याला काही वर्षे लागतात. त्या वर्षांत त्याचे घर कोणी चालवायचे, याचा हिशेब शहाजीराजांनी 46 घरांपुरता केला होता.